तिसऱ्या पाळीचा आठवडा : पालकत्वाच्या ताणाचं एक प्रकरण

"याला तपासून घ्या मॅडम, शाळेनं सांगितलंय." आल्या आल्या तिचं पहिलं वाक्य हे. जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर पावसाची झड, आणि तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली मुलाची डायरी. पानापानावर लाल शाईत 'होमवर्क इनकम्प्लीट'. मुलगा ७ वर्षांचा, दुसरीतला. माझ्या टेबलावरचा पेपरवेट तो गोल गोल फिरवत होता आणि ती बोलता बोलता त्याचा हात धरत होती. "नको", "बस", "गप" हे शब्द तिनं इतक्या वेळा वापरले की मी मोजायचं सोडून दिलं. त्याच्यावर काहीच परिणाम नव्हता. पावसाच्या आवाजाइतकाच तोही आवाज सवयीचा झाला असावा.

निघताना पर्स खांद्याला लावून, मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून ती पुन्हा दारात आली. "एक सांगायचं राहिलं. परवा मी त्याला मारलं. जरा जास्तच."

आमच्या समुपदेशनाच्या कामात दारातलं वाक्य हेच बहुतेक वेळा खरं वाक्य असतं. आधीचा पाऊण तास तिथपर्यंत पोचण्यात गेलेला असतो. मी तिला परत बसवलं.

पुढं जाण्याआधी एक खुलासा. हे एकाच घराचं हुबेहूब चित्र नाही. पिंपरी-चिंचवड भागात अशी बरीच घरं भेटतात. त्यांतल्या दोन-तीन घरांचे धागे एकत्र करून, ओळख पटेल असं सगळं काढून टाकून हे प्रकरण लिहिलं आहे. नावं दिलेली नाहीत. आई, बाबा, आजी, मुलगा एवढ्यावर भागतं.

घर

आई ३४ वर्षांची, एका पतसंस्थेत कॅशियर. बाबा ३८ वर्षांचे, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांवर. त्यांची पाळी दर आठवड्याला फिरते: पहिली सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुसरी ३.३० ते रात्री १२, तिसरी रात्री १२ ते सकाळी ७. मुलाच्या पाठीवर अडीच वर्षांची मुलगी. आजी, म्हणजे बाबांच्या आई, मुलगी झाल्यापासून सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून इथं आलेल्या. वन बीएचके, तिसरा मजला. बेडरूमचं दार पावसाळ्यात फुगतं आणि नीट लागत नाही. हा दाराचा तपशील मला खूप उशिरा कळला. पहिल्या दिवशी कळला असता तर महिनाभर वाचला असता.

मारण्याबद्दल मी सरळ विचारलं. किती, कशानं, लागलं का, याआधी कधी. अशा वेळी आडून विचारण्यात अर्थ नसतो, आणि "अहो, सगळेच मारतात" असं म्हणून पांघरूण घालण्यात तर मुळीच नाही. तिनं सांगितलं ते असं: दोन थोबाडीत, हातानं. गालावर बोटं उठली. दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत पाठवलं नाही, ताप आहे असं शाळेच्या ग्रुपवर कळवलं. आधी चिमटे असायचे, हात उगारणं असायचं, एवढं कधी नाही. कामावर गेल्यावर नोटा मोजायच्या मशिनसमोर बसून तिला तो गाल दिसत राहिला आणि त्या दिवशी संध्याकाळी तिची कॅश चारशे रुपयांनी चुकली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा टॅली झाली नाही," असं ती म्हणाली. मुलाच्या गालाबद्दल बोलताना तिनं आवाज सांभाळला होता, तो या चारशे रुपयांपाशी फुटला.

तिची झोप, जेवण, रडू येणं, कशातच रस न वाटणं, जगणं नकोसं वाटणं हेही विचारून घेतलं. नैराश्याचं चित्र नव्हतं. दमलेली होती, पण विझलेली नव्हती. हा फरक महत्त्वाचा आहे. बेल्जियममधल्या इसाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या संशोधक 'पालकत्वाची दमछाक' म्हणून जी अवस्था मांडतात, तिच्यात नुसता थकवा नसतो. मुलांपासून मन तुटत जातं, आईबाप असण्यातली गोडी संपते, आणि 'मी पूर्वी अशी नव्हते' ही बोच लागून राहते. हिचं मन मुलापासून तुटलेलं नव्हतं. उलट त्याच्या प्रत्येक हालचालीला ते शिवून टाकल्यासारखं होतं.

चार अक्षरांचा प्रश्न

शाळेला संशय होता एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचा. हल्ली ही अक्षरं पालक घरूनच घेऊन येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी दहा लक्षणांची यादी वाचली तर माझ्यासकट कुणालाही ती लागू पडेल. निदानाची एक साधी अट त्या यादीत नसते: लक्षणं किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसायला हवीत. फक्त घरी किंवा फक्त शाळेत दिसत असतील तर आधी ती जागा तपासायची, मग मूल.

आईच्या परवानगीनं वर्गशिक्षिकेशी बोलले. त्यांचं म्हणणं, वर्गात बडबड करतो, पण फळ्यावरचं उतरवून घेतो, पाढे म्हणतो, खेळात नियम पाळतो. अडतं ते फक्त घरून करून आणायच्या कामाचं. डोळे, कान तपासून घेतले, ठीक होते. वाचन वयाला धरून होतं. म्हणजे दिवसभर बऱ्यापैकी चालणारं मूल संध्याकाळी ७ ते ९ या वेळात, एका विशिष्ट खोलीत, एका विशिष्ट माणसासमोर बिघडत होतं. अशा वेळी मुलावर शिक्का मारणं म्हणजे मीटर न बघता बल्ब बदलत बसणं.

रिचर्ड अबिदिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये पालकांच्या ताणाची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची छोटी आवृत्ती ३६ विधानांची आहे आणि ती ताणाचे तीन झरे वेगळे करते: पालकाचा स्वतःचा त्रास, मूल आणि पालक यांच्यातलं बिनसलेलं देणंघेणं, आणि मूलच सांभाळायला अवघड असणं. त्यातले आकडे अमेरिकन पालकांवर बेतलेले आहेत, म्हणून मी आकड्यांना फार भाव देत नाही. विधानं वाचून काढायला मात्र ती उत्तम आहे. आईच्या उत्तरांत मधला झरा सगळ्यांत मोठा निघाला. बाबांनीही ती भरून पाठवली होती. त्यांच्या कागदावर ताण जवळजवळ शून्य. सगळं छान, काही त्रास नाही. या प्रश्नावलीत अशा अतिगुळगुळीत उत्तरांसाठी वेगळी खूण आहे: इतका कमी ताण असेल तर एक तर माणूस लपवतोय, नाहीतर तो त्या कामात उतरलेलाच नाही, नाहीतर मग त्याला ते खरोखरच छान पेलतंय. मी मनातल्या मनात दुसरा पर्याय निवडून मोकळी झाले. तो चुकीचा होता.

व्हाउचरच्या पाठीवर

तिला तीन आठवडे नोंद ठेवायला सांगितली. वही वगैरे काही आणली नाही तिनं. पतसंस्थेतल्या बाद व्हाउचरांच्या कोऱ्या पाठी कापून, स्टेपल करून, त्यावर पट्टीनं रकाने आखले होते. वार, वेळ, काय झालं, मी काय केलं, आणि शेवटी 'किती चढलं', म्हणजे डोकं, शून्य ते दहा. कॅशियरचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. त्यातली एक ओळ:

"बुध. ७.२५. सातचा पाढा. 'नाही लिहिणार जा' म्हणाला, पेन्सिल फेकली, मोठ्यानं ओरडला. हे आत झोपलेले. मोबाईल दिला. ९."

आणि पुढच्या आठवड्यातली दुसरी:

"मंगळ. ७.४०. शुद्धलेखन. ओरडला. मोबाईल मागितला. नाही दिला. पाऊण तास रडला. शेवटी पाठीत घातली एक. ८."

आमची सगळ्यांची, म्हणजे तिची, शाळेची, माझी, समजूत अशी होती की बाबा घरी नसले की मुलगा डोक्यावर बसतो. दुसऱ्या पाळीला बाबा रात्री एकला येतात, तेव्हा तो आठवडा सगळ्यांत वाईट जायला हवा होता. व्हाउचरं उलटंच सांगत होती. दुसऱ्या पाळीचा आठवडा सगळ्यांत शांत होता. सर्वांत वाईट आठवडा तिसऱ्या पाळीचा होता, जेव्हा बाबा संध्याकाळी घरातच असतात.

घरात असतात, पण झोपलेले. सकाळी साडेआठला येऊन दुपारपर्यंत एक झोप, आणि पावणेअकराच्या कंपनीच्या बसआधी संध्याकाळी सहा ते साडेनऊ दुसरी. दार फुगलेलं, लागत नाही. पावणेसातला आई कामावरून येते ती चप्पल काढतानाच कुजबुजत्या आवाजात विचारते, "होमवर्क झालं का?" टीव्ही म्यूट. अडीच वर्षांच्या मुलीच्या तोंडात बिस्किट, कारण तोंड भरलेलं असलं की ती ओरडत नाही. कुकर लावायचा नाही, शिट्ट्या होतात. आणि त्या कुजबुजीत ७ वर्षांच्या मुलाचा सातचा पाढा.

कौटुंबिक ताणाच्या अभ्यासाचा एक मोठा टप्पा नेमका इथंच आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांचं १९४९ चं काम दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या आणि परत आलेल्या बापांच्या कुटुंबांवर होतं. त्यांनी वियोगाइतकाच पुनर्भेटीचाही ताण अभ्यासला. बाप गेला की घर त्याच्याशिवाय बसवावं लागतं, आला की परत उसवावं लागतं. नंतर कुटुंबांच्या ताणाच्या अभ्यासक पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांपासून सुरुवात करून हा धागा पुढं नेला: माणूस घरात आहे की नाही हे धड ठरतच नाही, तेव्हा घर सर्वांत जास्त पिळवटतं. आमच्या घरात युद्ध नव्हतं. पण दर तीन आठवड्यांनी एक बाप देहानं पलंगावर आणि बाकी सगळ्या अर्थानं चाकणला असायचा, आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण पडलं तरी चार जण श्वास रोखायचे.

आता त्या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. बाबा झोपलेले असताना मुलगा ओरडला की मोबाईल मिळतो, तोही लगेच, कारण आवाज बंद होणं गरजेचं. बाबा जागे असताना किंवा कामावर असताना ओरडला तर मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी १९८२ मध्ये सविस्तर मांडलेला सापळा तो हाच. मूल ओरडतं, आई मागणी मागं घेते, ओरडणं थांबतं. मूल शिकतं की ओरडलं की पाढा टळतो. आईही शिकते की मोबाईल दिला की शांतता होते. दोघांनाही बक्षीस मिळतं, म्हणून दोघंही पुन्हा तेच करतात. कुणी कुणाला लाडावून ठेवलेलं नसतं, दोघंही एकमेकांना शिकवत असतात.

या घरात वर आणखी एक पेच होता. मोबाईल कधी मिळणार हे मुलाला ठरवता येत नव्हतं, कारण त्याचा नियम कारखान्याच्या पाळीपत्रकात लिहिलेला होता. कधीतरीच मिळणारं बक्षीस सवयीला सर्वांत घट्ट चिकटवतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून माहीत आहे. नेहमी मिळणारं बंद झालं तर मूल लवकर नाद सोडतं. कधी मिळणारं, कधी न मिळणारं बंद झालं तर ते आणखी जोर लावून बघतं. पहिल्या पाळीच्या आठवड्यातला तो पाऊण तासाचा रडण्याचा कार्यक्रम हा आधीच्या आठवड्याचा हिशेब होता. जुलैतल्या थोबाडीतही अशाच पहिल्या पाळीच्या आठवड्यातल्या. आईला वाटत होतं, "आता तर बाबाही जागे आहेत, तरी ऐकत नाही, म्हणजे मुद्दाम करतोय."

'मुद्दाम' हा शब्द व्हाउचरांवर अकरा वेळा होता. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाची जी उकल केली तिचा गाभा हा की ताण घटनेत नसतो, घटनेच्या वाचनात असतो. आपण आधी 'हे माझ्यासाठी काय आहे' असं वाचतो आणि लगोलग 'मला हे पेलवेल का' असं. पेन्सिल फेकणं ही घटना. 'मुद्दाम करतोय' हे तिचं पहिलं वाचन, आणि 'माझ्याच्यानं दोन मुलं सांभाळली जात नाहीत, लोकांच्या चार होतात' हे दुसरं. ही दोन वाचनं एकावर एक पडली की नऊ चढतं. पेन्सिलीचा त्यात वाटा दोनाचा असेल.

बाबा

पहिल्या पाळीवरून सुटून ते तसेच आले. कंपनीचा निळा शर्ट, हातात टिफिनची पिशवी, खुर्चीच्या कडेला बसलेले. "मॅडम, शिफ्ट काय माझ्या हातात नाही," हे त्यांनी मी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मी व्हाउचरं दाखवली. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे मी घरात नसलेला बरा."

तो क्षण मी नीट हाताळला नाही. "तसं नाही हो," वगैरे काहीतरी बोलून गेले. ते तसंच होतं, व्हाउचरांवर लिहिलेलं होतं, आणि ते त्यांना माझ्या आधी समजलं होतं.

मग हळूहळू आलं. मुलगी झाली त्या सुमारास, झोप अपुरी असताना, तिसऱ्या पाळीला पहाटे प्रेसवर त्यांची डुलकी लागली. हात आत जाता जाता शेजाऱ्यानं खेचलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "मला झोप लागते, जरा आवाज कमी ठेवा." का, ते सांगितलं नाही. बायको बाळंतीण, तिला कशाला घोर. त्या एका वाक्याचा घरानं अडीच वर्षांत कायदा केला. प्रश्नावलीवरचं त्यांचं शून्य म्हणजे न उतरणं नव्हतं, लपवणं होतं. आणि संध्याकाळी ते झोपलेले नसायचेच धड. "पडून असतो मॅडम. ही कुजबुजते ते जास्त ऐकू येतं. मोठ्यानं बोलली तर झोप तरी लागंल."

बायकोला हे पहिल्यांदा माझ्यासमोर कळलं. ती काही बोलली नाही. फक्त त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसली.

माझी चूक, आणि आजी

मध्यंतरी मी एक घोळ घातला होता, तो इथं सांगितला पाहिजे. सुरुवातीला मला आजी अडचणीच्या वाटल्या. संध्याकाळी सातला त्या नातवाला टीव्हीसमोर बसवून हातानं भरवायच्या, आईनं 'नाही' म्हटलं की पदराआडून बिस्किट द्यायच्या. "सगळ्यांनी एकच नियम पाळायला हवा, आजींना तसं सांगा," असा पुस्तकी सल्ला मी दिला. सुनेनं तो सासूबाईंना सांगितला. कसा सांगितला असेल, कल्पना करा. आजींनी दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि 'श्रावणातलं जरा गावाकडचं बघून येते' म्हणून निघून गेल्या. पुढचे आठ दिवस आईनं कधी रजा टाकली, कधी मुलीला शेजारी ठेवलं, आणि त्या आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी 'किती चढलं' च्या रकान्यात आठाच्या खाली आकडा नाही.

कुटुंबाच्या ताणाचं गणित मांडताना प्रसंग, हाताशी असलेली रसद आणि लावलेला अर्थ, तिन्ही धरावे लागतात, हे हिल यांचं सूत्र मी वर्गात शिकवते. इथं मात्र घराची सर्वांत मोठी रसद मीच आठ दिवसांसाठी गावाला पाठवली.

त्या परत आल्यावर मी त्यांना भेटायला बोलावलं, काही सांगायला नाही, ऐकायला. गुडघ्यावर हात ठेवून जिना चढल्या. "आमी चार पोरं वाढिवली बाई, कवा डागदराकडं न्यावं लागलं न्हाई," ही सलामी झाली. मी म्हटलं, खरंय, चार वाढवणं सोपं नाही. थोड्या वेळानं आवाज उतरला. "गावाकडं पोरं अंगणात असायची. म्या काय एकली व्हते का, सगळी आळी बघायची. हितं दार लावून बसायचं. पोरीनं पाय आपटला तर खालची बाई वर येती. मलाबी करमत न्हाई हितं. पर कुणाला सांगू?" सकाळी आठपासून संध्याकाळी पावणेसातपर्यंत अडीच वर्षांचं मूल, तेही महिन्यातला आठवडाभर आवाज न करता सांभाळायचं. या घरात सर्वांत जास्त तास कुणाचे भरतात हे मी विचारलंच नव्हतं. मी तिघांच्या ताणाचा हिशेब मांडत होते आणि चौथी व्यक्ती खात्यावरच नव्हती.

बिस्किटाबद्दल मी शेवटपर्यंत काही बोलले नाही.

काय केलं

ऑगस्ट ते नोव्हेंबर मिळून आठ बैठका झाल्या. ठरवलं ते फार थोडं.

झोपेची व्यवस्था बाबांनी स्वतःच बदलली. सुताराकडून दार रंधून घेतलं, खिडकीला जाड पडदा लावला, सकाळची झोप तीन वाजेपर्यंत लांबवली. संध्याकाळी फक्त साडेआठनंतर तासभर आडवं व्हायचं. साडेसहा ते आठ ते जागे. त्या वेळात काही थोर संगोपन करायचं नाही, फक्त घरात जागं असायचं. दुकानात जाताना मुलाला गाडीवर पुढं बसवून न्यायचं, एवढंच.

मोबाईलचा नियम एकच, तिन्ही पाळ्यांना सारखा: संध्याकाळी सातनंतर नाही. मी आईला आधीच सांगून ठेवलं की नियम लागू झाल्यावर पहिले काही दिवस प्रकार वाढेल, कारण मूल जुनं हत्यार आणखी जोरात चालवून बघेल. हे आधी सांगितलं नाही तर पालक चौथ्या दिवशी हार मानतात, आणि मग मूल शिकतं की पाऊण तास पुरत नाही, दीड तास ओरडावं लागतं. तिसऱ्या दिवशी तो एक तास दहा मिनिटं ओरडला. ती स्वयंपाकघरात कणीक मळत राहिली. व्हाउचरवर लिहिलंय: "१.१०. दिला नाही. कणीक दगड झाली." खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. आजींनी त्यांना दारातच अडवून चहा पाजला.

चप्पल काढतानाचा तो प्रश्न बंद केला. हा बदल सर्वांत लहान आणि तिला सर्वांत जड गेलेला. आल्यावर पंधरा मिनिटं अभ्यासाचं अक्षर नाही. "मग मी बोलू काय त्याच्याशी?" तिनं खरोखर विचारलं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. दोन वर्षं त्यांच्यात दुसरा विषयच झालेला नव्हता. पहिल्या दिवशी ती गप्प बसून चहा प्यायली. दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन तिच्या बॅगेतला शिक्का काढला आणि स्वतःच्या हातावर 'रोख मिळाली' असं उमटवलं.

विचारांवर काम केलं ते एका अक्षरावर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणणाऱ्या कि. मो. फडके यांच्यामुळं हा विचार आपल्याकडं बराच रुजला आहे: माणसाला छळतात त्या त्याच्या इच्छा नाहीत, इच्छांच्या झालेल्या सक्त्या. मराठीत ही सक्ती एका 'च' मध्ये मावते. 'होमवर्क पूर्ण व्हायला हवं' ही इच्छा, 'झालंच पाहिजे' हा हुकूम. मी तिला व्हाउचरवरच्या वाक्यांतले 'च' लाल पेनानं गोल करायला सांगितले. शाळेच्या डायरीसारखं दिसलं ते पान. तिला हसू आलं, त्या खोलीत पहिल्यांदाच.

मारल्याबद्दल तिनं मुलाची माफी मागायची की नाही यावर घरात चर्चा झाली. आजींचं मत, आईनं पोराची माफी मागायची नसते. माझं मत वेगळं आहे, आणि ते मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांच्या तान्ह्या बाळांवरच्या कामातून आलेलं आहे. आई आणि बाळ यांचा सूर दिवसातला बराच वेळ जुळलेला नसतो, अगदी चांगल्या जोड्यांतही. तो पुन्हा जुळवला जातो की नाही, यावर मुलाची भिस्त ठरते. तिनं एका रविवारी सांगितलं, "त्या दिवशी मी तुला मारलं ते चुकलं माझं." त्यानं विचारलं, "मग आता मोबाईल देणार?" तिनं नाही म्हटलं. तो बरं म्हणाला आणि खाली खेळायला गेला. एवढंच झालं. तिला वाटलं होतं तो गळ्यात पडेल.

पुढं

नोव्हेंबरअखेरीची व्हाउचरं बघितली तर मुलाचे आरडाओरडीचे प्रसंग कमी झाले होते, पण अर्ध्यावर काही आले नव्हते. सातच्या पाढ्याला तो अजूनही तोंड वाकडं करतो. तिचा आकडा मात्र आठ-नऊवरून चारावर उतरला होता, आणि तिसऱ्या पाळीचा आठवडा इतर दोघांसारखाच दिसायला लागला होता. पालक जेव्हा "मुलाला सुधारा, मग मला बरं वाटेल" म्हणतात, तेव्हा मी हे पान मनातल्या मनात उलगडते. इथं मूल थोडंसं बदललं आणि आईचा ताण निम्म्यावर आला, कारण ओझ्याचे वाटेकरी वाढले आणि पेन्सिलीचा अर्थ बदलला.

अंगावर हात टाकणं हा विषय मी दर बैठकीत काढत राहिले, तिला आवडो न आवडो. चार महिन्यांत दोनदा हात उगारला गेला, उतरला नाही.

शाळेची डायरी अजून लाल आहे. वर्गशिक्षिकेशी बोलून घरचा अभ्यास थोडा कमी करता येईल का असं विचारलं होतं. त्यांनी सगळ्यांना सारखाच नियम असल्याचं कळवलं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज नेहमीच्या मापाचा, म्हणजे कुजबुजता नाही. "मॅडम, काल चिमटा काढला मी त्याला. लाल झालं." थोडं थांबून, "आई यात्रेला गावी गेल्यात, पंधरा दिवस. यांची तिसरी पाळी आहे. मुलीला पाळणाघरात टाकलंय, ती तिथं जेवत नाही." मी विचारलं, बाबा काय म्हणतात. "तेच म्हणाले, मॅडमना फोन कर म्हणून." मागून मुलाचा आवाज येत होता, सातचा पाढा, साता सातापाशी अडकलेला, आणि बाबांचा, "एकोणपन्नास रे, एकोणपन्नास."

पुढच्या मंगळवारची वेळ ठरवली, दुपारी साडेचार. तेव्हा त्यांची पहिली पाळी लागलेली असेल.